वाडीसाठी सोलरवर नळपाणी : कोणी केलंय का? (जयगड खाडी परिसर)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.
आमची वाडी जयगड खाडीच्या वरच्या अंगाला, सत्तरेक घरं, कायम राहणारी माणसं धरली तर तीनशेच्या आसपास. खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला सार्वजनिक विहीर आहे, जांभ्याने बांधलेली, जुनी. तिथून वर यायला पाखाडी, आणि त्या पायऱ्या बायका डोक्यावर हंडा त्यावर कळशी घेऊन चढतात, अजूनही. पंचायतीची नळयोजना आहे पण ती खालच्या वाड्यांना, आमच्यापर्यंत पाणी चढतच नाही. त्यात लाईटचा खेळ, पावसात कुठे फांदी पडली की पंप बंद.
आता मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईला असलेल्या आमच्याच वाडीकरांच्या मंडळाने, मनावर घेतलंय. पैसे जमवू, सोलर पंप बसवू, सड्यावर (वाडीच्या वरच्या कातळावर) टाकी बांधू आणि घरोघरी नळ. एका एजन्सीचा माणूस बघून पण गेला, म्हणाला ५ एचपी बसवा डोळे झाकून, बाकी काही बघायला नको. कोणाच्या वाडीत झालंय का असं? किती एचपी, किती पॅनल, काय काय बघून घ्यावं?

मोटरवाइंडर
दादा, त्या माणसाने विहिरीत टेप टाकला का? नाही ना? मग ५ एचपी त्याने कुठून काढलं?
पंप शेवटी ठरतो. आधी हे सांग : विहिरीचा व्यास किती, मे अखेरीला पाणी किती राहतं, विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उभी उंची किती, पाईपलाईन किती लांब. या चार गोष्टींशिवाय जो कोटेशन देतो तो त्याच्या गोडाऊनमध्ये पडलेला पंप तुमच्या गळ्यात मारतोय. आणि बॅटरी सांगितली असेल तर सरळ नको म्हण, दिवसा टाकी भरायची, रात्री टाकीतून वापरायचं, बॅटरीचं काम काय मध्ये.

परळ_ते_पावस
एवढं कशाला डोकं लावायचं, सड्यावरच ३०० फूट बोअर मारा आणि त्यात सोलरचा सबमर्सिबल सोडा. आमच्या शेजारच्या गावात मारलंय, मस्त चाललंय.

मालवणी_खाजा
मस्त चलता म्हंजे किती दिवस चलता ता पण सांग रे. आमच्या हय पण असोच एक मारलो, पयल्या वर्सा सगळे खूश, दुसऱ्या वर्सा एप्रिलात मचूळ पाणी. चाय केली तर वाटीत मीठ टाकूची गरज नाय. आता थय बोअरवर गुरवाची बकरी बांधतत.

कातळसडा
बोअरच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर किंवा बोअर घ्यायचं तर परवानगी लागते, हे १९९३ च्या कायद्यापासून चालत आलंय. ३०० फूट वगैरे फोरमवर लिहायला सोपं आहे.
आता खाऱ्या पाण्याचं. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. ऐकायला छान वाटतं पण तो हिशोब उलटाही चालतो, उपसा करून पातळी एक मीटर खाली नेली की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर चढायला बघतं, आणि बोअरमध्ये जोरात उपसा केला तर बरोबर बोअरच्या खालीच ते शंकूसारखं उचललं जातं. एकदा मचूळ झालेलं बोअर पुन्हा गोडं व्हायला किती पावसाळे जातील काही सांगता येत नाही.
पाऊस ३००० मिलिमीटर आणि मे मध्ये टँकर, हे का, तर आपला जांभा म्हणजे स्पंज. जून-जुलैत पितो आणि दिवाळी ते होळी सगळं गाळून टाकतो. खाली चिकण मातीचा थर लागतो तिथे पाणी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं, पऱ्याला लागतं, खाडीला जातं. खाडीकाठ, तुमची जुनी विहीर पऱ्याच्या कडेला आहे ती काही उगाच नाही, ज्यांनी जागा बघितली त्यांना हे माहीत होतं.

खाडीकाठ
धन्यवाद काका. बोअर नकोच मग. विहिरीचं मोजून सांगतो, रविवारी पोरांना घेऊन जातो. मोजायचं कसं पण? पाणी किती आहे ते मोजायचं ना?

मोटरवाइंडर
पाणी किती आहे ते नाही, पाणी किती येतं ते. जुना पंप आहे ना तिथे, तो लावून विहीर एक मीटर खाली घ्या, पंप बंद करा, आणि दर अर्ध्या तासाने टेप टाकून किती वर आलं ते वहीत लिहा. त्या दिवशी सकाळी बायकांना पाणी आधी भरून घ्यायला सांगा नाहीतर शिव्या खाल. विहीर ३ मीटर व्यासाची असेल तर एक सेंटीमीटर पाणी वाढलं म्हणजे साधारण ७० लिटर आलं. बाकी गुणाकार.

बयो
मी दापोलीकडची, आमच्या गावच्या पाणी समितीत आहे. भाऊ, मला एक सांगा, विहीर सार्वजनिक म्हणताय तर तिच्यावर फक्त तुमचीच वाडी भरते का? अजून कोण येतं तिथे पाण्याला? त्यांना विचारलंत का कोणी, की परस्पर मंडळाने मीटिंगमध्ये ठरवून टाकलं?
आणि मीटिंगला बायका किती होत्या? जलजीवनच्या नियमात पाणी समितीत निम्म्या बायका पाहिजेत असं आहे, ते कागदावर सह्या घ्यायला नाही. आमच्याकडे पहिली टाकी बांधली ती पुरुषांनी ठरवलेल्या जागी, पाणी सोडायची वेळ दुपारी १२ ची, का तर ऑपरेटरला तेव्हा सोईचं. दुपारी १२ ला बाई रानात नाहीतर काजू बोंडं गोळा करायला. नळ आला तरी हंडा सुटला नाही.

खाडीकाठ
ताई, खरं सांगायचं तर खालच्या अंगाला बौद्धवाडी आहे, पंधराएक घरं, ते पण याच विहिरीवर भरतात. मीटिंग मुंबईत झाली होती त्यामुळे त्यांच्यापैकी कोणी नव्हतं. आणि बायका पण नव्हत्या, लिहायला लाज वाटतेय पण नव्हत्या.

बयो
मग आधी ते करा. पाईप त्यांच्या दारावरून वर जाणार आणि नळ फक्त वर, असं झालं तर ती योजना नाही भाऊ, ते भांडण आहे. आणि भांडणाचा पाईप टिकत नाही.

निवृत्त_भाऊसाहेब
बयोताईंना +१. ग्रामसेवक म्हणून आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो. ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात दोन्ही वाड्यांची नावं घाला. पुढे पंचायतीकडून किंवा जिल्हा नियोजनमधून काही मिळवायचं असेल तर ठरावाशिवाय फाईल हलत नाही. मुंबई मंडळाने परस्पर केलं तर पुढे दुरुस्तीला पंचायत हात वर करते, म्हणते आमच्या नोंदीला नाही.
दुसरं. सड्यावरची टाकी आणि पॅनलची जागा कोणाची? सातबारा काढलात का? आपल्या कोकणातला सातबारा म्हणजे एका पानावर मावत नाही, चाळीस चाळीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला, काही वारलेले आणि वारस नोंद नाही. गुंठाभर जागेसाठी सगळ्यांच्या सह्या लागतात. तोंडी "बांधा हो, आपलीच वाडी" म्हणणारा माणूस गेला की त्याचा मुलगा कुंपण घालतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बक्षीसपत्र करून, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून, सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव चढल्याशिवाय एक जांभा सुद्धा लावू नका.

परळ_ते_पावस
भाऊसाहेब, या सह्यांच्या भानगडीतच सगळ्या योजना मरतात. गणपतीत सगळे गावी असतात तेव्हाच उरकायचं, नंतर कोणी सापडत नाही.
आणि सरकारची ती मागेल त्याला सौर पंप योजना आहे ना? १० टक्के भरायचे बाकी सरकार. मंडळाचे पैसे वाचतील.

निवृत्त_भाऊसाहेब
ती कृषीपंपाची योजना. शेतकऱ्याच्या नावावर, त्याच्या सातबाऱ्यावर, त्याच्या जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, त्यापुढे ५ आणि साडेसात. ती एकाच्या नावावर घेऊन वाडीला पाणी द्यायचं हा विचार बऱ्याच जणांना सुचतो. करू नका. उद्या त्याने नाही म्हटलं तर वाडी कोरडी आणि वर योजनेचा गैरवापर.
पिण्याच्या पाण्यासाठी वाटा वेगळ्या. सोलरवरची दुहेरी पंपाची योजना आहे, त्यात हातपंपाच्या बोअरमध्येच सोलरचा पंप पण बसवतात, वर ५००० लिटरची टाकी, आणि हातपंप तसाच राहतो. लहान वाडीला ते चांगलं, ढग आले की दांडा मारायचा. वित्त आयोगाचा पाणी आणि स्वच्छतेसाठीचा बंधित निधी असतो, त्यातून पण पंचायती असली कामं घेत आल्यात.

खाडीकाठ
मोजलं! विहीर ३ मीटरचीच निघाली. एक मीटर खाली घेतली, मग तासाला साधारण १२ सेंटीमीटर वर येत होतं. म्हणजे ८४० लिटर तासाला, चोवीस तासाला २०,००० लिटर. टाकीपर्यंत उभी उंची ६० मीटरच्या आसपास, मोबाईलवर बघितली, मग पाखाडीच्या पायऱ्या मोजून पण ताळा केला, बऱ्यापैकी जुळलं. आता एप्रिलची अखेर आहे, मे मध्ये अजून थोडं कमी होईल. एजन्सीवाल्याला सांगितलं तर म्हणाला एवढं काटेकोर कोणी बघत नाही हो.

मोटरवाइंडर
शाब्बास. आता बघ. सरकारी हिशोब माणशी ५५ लिटर. तुमची तीनशे आणि खालच्या वाडीची साठ धर, ३६० माणसं, म्हणजे १९,८०० लिटर. विहीर देते २०,०००. म्हणजे एप्रिलमध्येच काठावर पास.
६० मीटर उंची, पाईपमधलं घर्षण धरून ६५. एक युनिट विजेत साधारण अडीच हजार लिटर एवढं वर चढतं, पंप-मोटरची झीज धरून. म्हणजे रोज ८ युनिट पुरे. ३ किलोवॉटचे पॅनल एप्रिलच्या उन्हात दिवसाला १२-१३ युनिट देतील, आरामात झालं. ३ एचपीचा पंप. ५ एचपीचं काय करायचं होतं त्याला? ५ एचपी लाव, दोन तासात विहीर तळाला, मग गाळ ओढणार, मोटर कोरडी फिरणार, आणि काका म्हणतायत तसं खाडीकडचं पाणी आत येणार. सोलरचा एक फायदा हाच आहे की सकाळी हळू, दुपारी जोरात, संध्याकाळी हळू, दिवसभर थोडं थोडं उचलतं. आपल्याकडच्या असल्या विहिरींना ते मानवतं.
पंपाच्या कंट्रोलरमध्ये ड्राय रन कटऑफ (पाणी संपलं की पंप बंद) आणि टाकीत फ्लोट (टाकी भरली की पंप बंद), हे दोन असलेच पाहिजेत.

मालवणी_खाजा
थोडा थोडा उचलता खरा, पण बिल येत नाय म्हटल्यार बंद कोण करतलो? आमच्या वाडीत सोलर इलो तसो सगळ्यांनी नळाक पाईप लावन माड, पोफळी, जायजुई सगळा शिपूक सुरू केल्यानी. टाकी कधी भरतच नाय म्हंजे पंप कधी थांबतच नाय. लाईट होती तेव्हा बिलाच्या भीतीन तरी थांबवत.

बयो
हे मात्र अगदी खरं. ऊन फुकट, पाणी नाही. आमच्याकडे शेवटी प्रत्येक जोडणीला मीटर लावले, खूप आरडाओरडा झाला, दोन घरांनी तर मीटर काढून गटारात टाकले. पण त्यानंतर टाकी दिवसभर टिकायला लागली. मार्च ते जून शिंपणं बंद असं ग्रामसभेत ठरवा आणि ज्याची बाग असेल त्याने स्वतःच्या विहिरीवर करावं.

परळ_ते_पावस
पण मे महिन्याचं काय? आम्ही चाकरमानी मे मध्ये येतो, वाडीत माणसं दुप्पट होतात. आणि गणपतीत तर विचारू नका, एकेका घरात पंधरा-वीस. आमच्यासाठीच मंडळ पैसे देतंय आणि आमच्याच वेळेला नळ कोरडा?

खाडीकाठ
हो ना, तेच विचारणार होतो. गणपतीत आमच्याकडे खालची वाडी धरून आठशे तरी माणूस होतं.

मोटरवाइंडर
आठशे म्हणजे ४४,००० लिटर, म्हणजे साडेसतरा युनिट रोज. आणि भाद्रपदातल्या ढगात ३ किलोवॉटचे पॅनल देतील जेमतेम ५-६ युनिट. गणपतीसाठी पॅनल वाढवायचे तर तिप्पट लागतील, आणि उरलेलं वर्ष त्यावर माकडं बसतील.
मे मध्ये ऊन आहे पण विहिरीत पाणी नाही, गणपतीत विहीर तुडुंब पण ऊन नाही. एकाच पंपाने दोन्ही सुटत नाही. जुनं लाईटचं मीटर आहे ना विहिरीवर, ते तोडू नका. चेंजओव्हर (सोलर-लाईट बदलायचा स्विच) ठेवा, गणपतीचे दिवस आणि झड लागली तर लाईटवर चालवा.

खाडीकाठ
पण गणपतीतच लाईट जाते सगळ्यात जास्त :( निसर्ग वादळाच्या वेळी (जून २०२०) आमच्याकडे थोडक्यात निभावलं पण वर मंडणगड-दापोलीकडे किती दिवस अंधार होता ते ऐकलंय. २०२१ च्या तौक्तेला आमच्याकडे पण तेच. सोलरची कल्पना निघाली ती त्यावरूनच.

बयो
निसर्गच्या वेळी आम्ही ते भोगलंय. पण भाऊ, पॅनल काही वादळाला घाबरत नाहीत असं समजू नका, शेजारच्या गावात स्टँडसकट उडून आंब्यात अडकले होते. स्टँड बनवताना मजबूत बनवा. आणि माडाखाली तर अजिबात नको, वरून नारळ पडला की पॅनल गेलाच.

मोटरवाइंडर
स्टँडसाठी हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड मागा, नुसता सिल्व्हर रंग मारून आणतात तो दुसऱ्या पावसाळ्यात गंजून पापुद्रे सुटतात. नटबोल्ट स्टेनलेस, खाडीच्या इतक्या जवळ ३१६ चं मिळालं तर तेच घ्या, ३०४ वर पण तपकिरी डाग येतात. पॅनल घेताना खाऱ्या हवेची टेस्ट झालेले आहेत का ते विचारा, आयईसी ६१७०१ असा नंबर असतो. तोंड दक्षिणेला, कल १७ अंशांच्या आसपास. पावसाळ्यात आपोआप धुतले जातात पण फेब्रुवारीनंतर मिठाची आणि धुळीची साय धरते, कोणीतरी पंधरवड्याला फडक्याने पुसलं पाहिजे, सकाळी लवकर, काच तापल्यावर गार पाणी मारायचं नाही.
आणि वीज! ऑक्टोबरात आणि मे अखेरीला सड्यावर वीज पडते, अरेस्टर आणि चांगलं अर्थिंग नसेल तर कंट्रोलर पहिला जातो. कातळावर अर्थिंग लागत नाही नीट, त्यासाठी टाकीजवळ नको, खाली माती असेल तिथपर्यंत पट्टी न्या. हा खर्च कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

कातळसडा
सड्याबद्दल एक राहिलं. पॅनल-टाकीची जागा ठरवताना कातळ नीट झाडून बघा, आकृत्या कोरलेल्या आहेत का. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात कातळशिल्पं कुठे निघतील सांगता येत नाही, २०२२ मध्ये आपल्याकडची काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत. ब्रेकर लावायच्या आधी बघितलेलं बरं.
आणि खाडीकाठ, मी मघाशी झऱ्यांचं बोललो ते उगाच नाही. तुमच्या वाडीच्या वर, सड्याच्या कडेखाली, एखादा झरा नाही का?

खाडीकाठ
आहे की काका. देवरहाटीत (देवाच्या राखीव रानात) आहे, कुंड बांधलेलं आहे दगडी, पण होळीनंतर आटतो. म्हणून कोणी धरलाच नाही हिशोबात.

कातळसडा
आटू दे होळीला! पण जून ते होळी वाहतो ना? वाडीच्या वर आहे ना? मग त्या नऊ महिन्यांत पंप कशाला, सोलर कशाला, लाईट कशाला? पाईप टाका, पाणी आपल्या वजनाने टाकीत येईल. गणपतीचा प्रश्नच मिटला, ढग असोत नाहीतर लाईट जावो. होळीला झरा आटला की विहिरीवरचा सोलर चालू, आणि तेव्हा ऊन कडकडीत. वरून फायदा असा की विहिरीला होळीपर्यंत कोणी हात लावत नाही.

मोटरवाइंडर
काका, मानलं. हे आधीच विचारायला हवं होतं सगळ्यांनी. खाडीकाठ, झऱ्याला भाद्रपदात पाणी किती असतं? १० लिटरची बादली २० सेकंदात भरत असेल तर दिवसाला ४३,००० लिटर झाले, म्हणजे आख्खा गणपती निघाला. झरा टाकीपेक्षा किती उंच आहे तेवढं बघ, नाहीतर टाकी त्याच्या खाली घ्यावी लागेल, मग सड्यावर नको, कडेखालीच घ्या. टाकी खाली आली तर पंपाचं काम पण हलकं होईल. पाईप मात्र उघड्यावर टाकू नका, काळा एचडीपीई पाईप फेब्रुवारीच्या वणव्यात मेणासारखा वितळतो... जिथे कातळ फोडता येत नाही तिथे वर जांभ्याचे तुकडे आणि माती टाकून झाका, दोन्ही बाजूचं गवत कापून ठेवा.

निवृत्त_भाऊसाहेब
देवरहाटीची जमीन नोंदीला कोणाची आहे ते बघा, बऱ्याच ठिकाणी ती सरकारकडे लागलेली असते, तिथे पाईप टाकायलाही परवानगी लागते. आणि कागद होईपर्यंत गावकर-मानकऱ्यांना घेऊन देवाला गाऱ्हाणं घाला, झाडाला हात लावणार नाही असं सगळ्यांदेखत ठरवा. ते केलं नाही तर पुढे वाडीत कोणाचं पोर आजारी पडलं तरी खापर पाईपवर.

बयो
आणि झऱ्याचं पाणी म्हणजे आपोआप शुद्ध असं धरू नका हं. पावसात जांभ्यातून पाणी इतकं पटकन खाली येतं की वर गुरं चरत असतील, शौचालयाचा खड्डा असेल तर सगळं त्यात. पहिल्या पावसाचं पाणी लाल गढूळ येतं ते टाकीत घ्यायचंच नाही, बाहेर सोडायचं वॉल्व्ह ठेवा. पाण्यात लोह असेल तर कपडे तांबूस होतात. जांभ्यातलं पाणी थोडं आंबटसर पण असतं, म्हणून लोखंडी पाईप आतून खातं.
टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, विरघळवून वरचं निवळ पाणी टाकायचं, अर्धा तास थांबायचं, मग सोडायचं. शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) करा, ०.२ तरी क्लोरीन तिथपर्यंत पोचला पाहिजे. आणि टीसीएलची पिशवी उघडी ठेवू नका, हवेने त्यातला दम जातो, मग नुसता चुना टाकल्यासारखं. आमच्याकडे गावातल्या पाच बायकांना किट देऊन शिकवलंय, आम्हीच तपासतो. सुरुवातीला वास येतो म्हणून लोक तक्रार करतील, करू देत. एका पावसाळ्यात कावीळ आली की तक्रार बंद होते, पण तेवढं बघायची वेळ कशाला आणायची.

परळ_ते_पावस
सगळं मान्य. शेवटचा प्रश्न, आमच्यासारखी बंद घरं, वर्षातून दोनदा उघडणारी, त्यांनी बाराही महिने पाणीपट्टी का भरायची?

मालवणी_खाजा
कारण गणपतीक दार उघडल्या उघडल्या नळाक पाणी व्हया म्हणान. अकरा म्हयने टाकी कोण धुतलो, टीसीएल कोण टाकतलो, माकडांका कोण हाकतलो? तुझो बाप्पा?

निवृत्त_भाऊसाहेब
थट्टा सोडा पण मुद्दा बरोबर आहे. बंद घराला ठरावीक स्थिर आकार आणि राहत्या घराला मीटरप्रमाणे, असं करा. विजेचं बिल नाही म्हणून पाणीपट्टी नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. वॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला दर महिन्याला पैसे द्यावेच लागतात आणि कंट्रोलर कधीतरी जाणारच, त्यासाठी वेगळं खातं काढून बाजूला टाकत जा.

खाडीकाठ
मंडळी, खूप आभार. काल दोन्ही वाड्यांची मिळून बैठक घेतली, चावडीवर, बायका पण आल्या आणि त्याच जास्त बोलल्या. ठरलं असं की एजन्सीवाल्याला तूर्त थांबवायचं. ग्रामसभेत ठराव, मग सातबाऱ्याच्या सह्या गणपतीत. झऱ्याचं पाणी या जूनपासून दर महिन्याला मोजायचं, ते काम बौद्धवाडीतल्या दोन मुलींनी अंगावर घेतलंय, दोघी बारावी सायन्सला आहेत, वही पण त्याच ठेवणार. विहिरीतला गाळ या मे मध्येच काढतोय, आणि पाऊस सरला की पऱ्यात वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून, म्हणजे विहिरीला थोडं पाणी धरेल. टाकी सड्यावर नको, कडेखाली, जागेचा मालक तयार आहे, त्याच्या भावाची सही बाकी आहे, तो विरारला.
एक विचारायचं राहिलं, झऱ्याचं पाणी मोजायला बादली आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे ना?

मोटरवाइंडर
पुरे. कुंडाच्या तोंडाला पाईपचा तुकडा चिकण मातीने बसवा म्हणजे सगळं पाणी एका धारेत येईल, इकडून तिकडून गळालं तर आकडा खोटा. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. आणि बादली आधी लिटरच्या बाटलीने भरून १० लिटरवर खूण करून घ्या, बाजारातल्या बादल्यांवर लिहिलेलं एक असतं आणि भरतं भलतंच.